ऑफिसातले आयपी फोन वेगळ्या व्हीलॅनवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात आयपी फोन बसवायचे ठरले की “फोनचं नेटवर्क वेगळं करा” हा सल्ला हमखास मिळतो. ते का करायचं, कसं करायचं आणि करूनही आवाज का तुटतो, याबद्दल मला पुन्हा पुन्हा जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. ऑफिस दहा ते दोनशे फोनचं आहे आणि नेटवर्क सांभाळणारा माणूस एखाद-दुसराच आहे, असं धरून चाललो आहे.

वेगळं नेटवर्क म्हणजे वेगळ्या केबल ओढायच्या का?

नाही. केबल तीच, स्विचही तोच. एकाच स्विचवर दोन किंवा अधिक आभासी नेटवर्क करता येतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. एका व्हीलॅनमधलं यंत्र दुसऱ्यातल्या यंत्राशी थेट बोलू शकत नाही. त्यासाठी मध्ये राउटर किंवा फायरवॉल लागतो.

हे जमतं ते टॅगमुळे. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याला, चार बाइटांची एक चिठ्ठी जोडली जाते. तिच्यात १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात आणि ३ बिट प्राधान्यासाठी. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात. त्यांतले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला १ ते ४०९४ उरतात. ही पद्धत आयट्रिपलई या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१क्यू या प्रमाणात ठरलेली आहे. ते पहिल्यांदा १९९८ मध्ये आलं आणि आज वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच आणि फोन एकमेकांचे टॅग ओळखतात ते त्याच्याच जोरावर. प्राधान्याचे ते ३ बिट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

व्हीलॅन वेगळा केला की आवाज आपोआप सुधारतो ना?

सुधारत नाही. सगळ्यात जास्त निराशा या एका समजातून येते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

व्हीलॅनने फोनला स्वतंत्र रस्ता मिळत नाही. दोन मजल्यांच्या स्विचना जोडणारी केबल एकच आहे. तिच्यातून डेटा व्हीलॅनची, म्हणजे संगणकांची, फ्रेमही जाते आणि व्हॉइस व्हीलॅनची, म्हणजे फोनची, फ्रेमही. कोणी मोठा बॅकअप सुरू केला आणि केबल भरली, तर फोनचं पॅकेट रांगेत उभं राहणारच; त्याच्यावर व्हीलॅन २० लिहिलंय की १०, याने स्विचला फरक पडत नाही. आधी कोणाला सोडायचं हे ठरवणारी व्यवस्था वेगळी असते आणि ती वेगळी लावावी लागते.

मग व्हीलॅन कशासाठी? तर घर नीट लावण्यासाठी. डेटा नेटवर्कवरचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना उद्देशून दिलेल्या हाकांचा, गोंगाट फोनपर्यंत पोचत नाही. फोनना हवी असलेली डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेची) सेटिंग फक्त फोनना देता येतात. “या विभागातून फक्त टेलिफोन सर्व्हरकडे (कॉल जोडून देणाऱ्या यंत्राकडे) जाता येईल” असा नियम फायरवॉलवर एका ओळीत लिहिता येतो. काही बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं. आणि प्राधान्य द्यायची वेळ येते तेव्हा “हा अख्खा विभाग” असं बोट दाखवता येतं. आवाजाला त्याचा फायदा होतो, पण असा वळसा घेऊन.

फोन फक्त पाच-सहा आहेत. तरी हा खटाटोप करायचा का?

हातात असलेला स्विच व्हीलॅन करू शकत असेल तर करा, काम तासाभराचं आहे. केवळ एवढ्यासाठी नवे स्विच घ्यावे लागणार असतील, तर पाच फोनसाठी मी घेणार नाही; त्याऐवजी राउटरवर आवाजाला प्राधान्य लावेन. पण फोन वाढणार आहेत हे दिसत असेल तर आत्ताच करा. पन्नास फोन चालू असताना पत्ते बदलणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं.

स्विच घेताना काय पाहायचं?

तो मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा हवा, ८०२.१क्यू समजणारा हवा, एलएलडीपी-मेड (फोनला व्हीलॅन सांगायची पद्धत, पुढे येते) येणारा हवा आणि प्रत्येक पोर्टवर निदान चार रांगा असलेला हवा. फोनना केबलमधूनच वीज द्यायची असेल तर पीओई हवं.

पीओईचा हिशेब मात्र नीट करा. ८०२.३एएफ या २००३ च्या प्रमाणानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॉट देतो आणि केबलमधली घट धरून यंत्राला १२.९५ वॉट मिळतात. साध्या डेस्क फोनला ते पुरून उरतं. मोठा पडदा, कॅमेरा असलेल्या फोनना ८०२.३एटी लागू शकतं. त्यात पोर्टवर ३० आणि यंत्रापाशी २५.५ वॉट असतात. गोम अशी की चोवीस पोर्टांचा स्विच चोवीसही पोर्टांवर एकाच वेळी पूर्ण वीज देईलच असं नाही. चोवीस गुणिले १५.४ म्हणजे जवळपास ३७० वॉट. तुमच्या स्विचचं एकूण पीओई बजेट किती, हे माहितीपत्रकात वेगळं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

आणि स्विच, राउटर, टेलिफोन सर्व्हर हे तिघं एकाच यूपीएसवर घ्या. स्विचची वीज गेली की सगळे फोन मुके.

टेबलाखाली एक साधा पाच पोर्टांचा स्विच आहे. तो चालेल का?

चालेलही आणि नाहीही, हीच तर अडचण. अनमॅनेज्ड स्विचला टॅग कळत नाही. बरेचसे टॅग असलेली फ्रेम जशीच्या तशी पुढे ढकलतात. काही जुने स्विच मात्र मोठी फ्रेम टाकून देतात, कारण टॅगमुळे इथरनेटची कमाल फ्रेम १५१८ वरून १५२२ बाइटांची होते. म्हणजे लहान पॅकेट जातात, मोठी अडतात. फोन सर्व्हरवर नोंदला जातो, पण फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) उतरवताना लटकतो. असले दोष शोधण्यात दिवस जातो. टेबलाखालचे स्विच काढा आणि भिंतीतून एक केबल जास्त ओढा, असंच मी सांगतो.

टेबलावर भिंतीतून एकच केबल येते. फोन आणि संगणक दोन्ही कसे लावायचे?

बहुतेक डेस्क फोनच्या पाठीमागे दोन पोर्ट असतात. भिंतीतली केबल एकात, संगणक दुसऱ्यात. फोनच्या आत तीन तोंडांचा छोटा स्विच असतो: एक तोंड भिंतीकडे, एक संगणकाकडे, एक खुद्द फोनकडे. फोन स्वतःच्या पॅकेटवर व्हॉइस व्हीलॅनचा टॅग लावतो. संगणकाची पॅकेट टॅगविना तशीच जातात. म्हणून मुख्य स्विचच्या त्या पोर्टवर डेटा व्हीलॅन टॅगविना ठेवायचा आणि व्हॉइस व्हीलॅन टॅगसह. बहुतेक स्विचमध्ये यासाठी “व्हॉइस व्हीलॅन” नावाची सोय असते आणि ती नेमकं हेच करते.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवा, नाहीतर तक्रार तुमच्याकडेच येईल. फोनचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर त्यामागचा संगणकही १०० वरच अडकतो. आणि फोन रीस्टार्ट झाला की संगणकाचं नेट तेवढा वेळ जातं. म्हणून फर्मवेअर अपडेट दिवसा चालवायचं नाही.

आपण कोणत्या व्हीलॅनमध्ये आहोत हे फोनला कसं कळतं?

याचे मार्ग चार. कोणता निवडता यावर पुढची दोन-तीन वर्षं सुखाची की त्रासाची ते ठरतं.

सगळ्यात कच्चा मार्ग म्हणजे प्रत्येक फोनच्या मेनूत जाऊन क्रमांक हाताने टाकणं. दोन फोनसाठी ठीक. चाळीस फोनवर एक आकडा चुकतो आणि तो चुकलेला फोन नेमका मोठ्या साहेबांचा निघतो.

मला पसंत आहे तो एलएलडीपी-मेड. स्विच दर काही सेकंदांनी पोर्टवर आपली ओळख सांगत असतो, त्यातच “आवाजासाठी व्हीलॅन २०, प्राधान्य ५, डीएससीपी ४६” हेही सांगतो (शेवटच्या दोन खुणा प्राधान्याच्या, त्यांच्याबद्दल पुढे). फोन ते ऐकतो आणि स्वतःला त्या व्हीलॅनमध्ये नेतो. फोनवर काहीही टाकावं लागत नाही, खोक्यातून काढून लावला की झालं. सिस्कोच्या स्विच-फोनमध्ये हेच काम सीडीपी हा त्यांचा स्वतःचा प्रोटोकॉल फार आधीपासून करत आला आहे. एलएलडीपी-मेड मात्र सगळ्या कंपन्यांसाठी खुलं आहे.

तिसरा मार्ग डीएचसीपीचा. फोन आधी डेटा व्हीलॅनमध्ये जागा होतो, तिथला पत्ता घेतो, त्याच उत्तरात त्याला व्हॉइस व्हीलॅनचा क्रमांक मिळतो. मग तो घेतलेला पत्ता सोडतो आणि नव्या व्हीलॅनमध्ये जाऊन पुन्हा पत्ता मागतो. अनेक कंपन्यांचे फोन यासाठी १३२ क्रमांकाचा पर्याय वाचतात, पण सगळ्यांचा क्रमांक आणि लिहायची तऱ्हा एकच नसते. फोनच्या पुस्तिकेत बघून घ्या. फोन दोनदा पत्ता मागत असल्यामुळे चालू व्हायला वेळ जास्त लागतो.

चौथा, मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून. मॅक पत्त्याचे पहिले २४ बिट कंपनीची ओळख सांगतात. ते पाहून “हा फोन आहे” असं स्विच ठरवतो. वेगळ्या कंपनीचा फोन आला की यादीत भर घालायला विसरायचं नाही, आणि आपण ते विसरतोच.

एलएलडीपी चालू केलं, तरी फोन डेटा व्हीलॅनमध्येच बसतो. का?

पहिली शंका: स्विचवर एलएलडीपी चालू आहे, पण आवाजाचं धोरण त्या पोर्टला लावलेलं नाही. अनेक स्विचवर या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

दुसरी: पोर्ट उशिरा जागा होतो. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमध्ये लूप होऊ न देणाऱ्या व्यवस्थेत) पोर्ट पूर्ण चालू व्हायच्या आधी १५ आणि १५ अशी ३० सेकंदं थांबतो. काही फोन तेवढी वाट पाहत नाहीत, टॅगविना पत्ता मागून मोकळे होतात. टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही थांबणं टाळणारी सोय चालू करा.

तिसरी: फोन आधी दुसरीकडे वापरलेला आहे आणि त्याच्या पोटात जुना क्रमांक हाताने टाकून ठेवलेला आहे. फॅक्टरी रीसेट करा, वाद मिटतो.

व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्त्यांची मालिका कशी ठरवायची?

क्रमांकाला स्वतःचा काही अर्थ नसतो, फक्त १ टाळा. तो स्विचचा मूळचा व्हीलॅन असतो आणि कुठून तरी नको ते त्यात येतं. माझी सवय अशी: व्हीलॅन २० असेल तर पत्ते १९२.१६८.२०.१ पासून. पत्ता पाहिला की व्हीलॅन कळतो.

मालिका किती मोठी हे मास्क ठरवतो; चोवीस बिटांच्या मास्कमध्ये २५४ पत्ते मिळतात. दोनशे फोन असतील तर ते पुरतील असं वाटतं, पण दारावरचा इंटरकॉम, फॅक्सला लावलेला अडॅप्टर, बैठकीच्या खोलीतला फोन हे सगळं तिथेच येणार. तेवीस बिटांचा मास्क घेतला तर ५१० पत्ते होतात. पत्ते फुकट आहेत, चिकटपणा नको.

डीएचसीपी सर्व्हर डेटा व्हीलॅनमध्ये आहे. फोनना पत्ता कसा मिळणार?

पत्त्याची मागणी ब्रॉडकास्टने जाते आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. म्हणून राउटरवर, व्हॉइस व्हीलॅनच्या बाजूला, डीएचसीपी रिले लावायचा. तो मागणी उचलून सर्व्हरपर्यंत नेतो. राउटरच पत्ते वाटत असेल तर रिलेची गरज नाही, फक्त नवी मालिका जोडा.

फोनसाठी पत्त्याबरोबर आणखी काही द्यावं लागतं. पर्याय ६६ मध्ये सेटिंगची फाइल कुठून घ्यायची त्या सर्व्हरचं नाव. सिस्कोचे फोन त्यासाठी १५० वापरतात. पर्याय ४२ मध्ये वेळेचा सर्व्हर. हा शेवटचा लोक गाळतात, पडद्यावरचं घड्याळ चुकलं तर चुकलं म्हणतात. पण फोनची वेळ चुकली की त्याला सर्व्हरचं प्रमाणपत्र “अजून सुरूच झालेलं नाही” असं वाटतं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. घड्याळामुळे फोन नोंदला जात नाही हे लवकर सुचत नाही.

एका मजल्यावर सगळं चालतं, दुसऱ्यावर फोनना पत्ताच मिळत नाही.

दोन स्विचमधली जोडणी बघा. तिच्यावर, म्हणजे ट्रंकवर, व्हॉइस व्हीलॅनला परवानगी दिलेली नसणार. दोन्ही टोकांना द्यावी लागते. मध्ये तिसरा स्विच असेल तर त्याच्यावरही, आणि त्यावर एकही फोन नसला तरी व्हीलॅन तयार असावा लागतो. मी एकदा अख्खी दुपार फोनचं फर्मवेअर उलटसुलट करण्यात घालवली होती. शेवटी दोष जिन्याखालच्या एका स्विचमध्ये निघाला, ज्याचं अस्तित्वच कोणाच्या नकाशावर नव्हतं. तेव्हापासून कामाला लागण्याआधी कागदावर सगळे स्विच काढून घेतो.

फायरवॉलवर काय उघडायचं आणि काय बंद ठेवायचं?

आधी सगळं बंद, मग लागेल तेवढं उघडा. फोनला टेलिफोन सर्व्हरशी बोलायला सिप हा कॉल जोडणारा-तोडणारा प्रोटोकॉल लागतो (इथे पोर्ट म्हणजे केबलचं तोंड नव्हे, सेवेचा क्रमांक): नेहमीचं पोर्ट ५०६०, एन्क्रिप्ट केलेलं असेल तर ५०६१. प्रत्यक्ष आवाज आरटीपीने जातो आणि त्याची पोर्ट ठरावीक नसतात. एका पट्ट्यातून दर कॉलला वेगळी निवडली जातात. अ‍ॅस्टरिस्क या टेलिफोन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या नमुना सेटिंगमध्ये हा पट्टा १०००० ते २०००० असा असतो. तुमच्या सर्व्हरवर कोणता आहे ते बघून तोच फायरवॉलवर लिहा. याशिवाय डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), वेळ आणि सेटिंगची फाइल आणायची वाट. टेलिफोन सर्व्हर ऑफिसातच असेल तर फोनना इंटरनेटवर जाण्याचं कारण नाही.

उलट्या बाजूने, डेटा व्हीलॅनमधून फोनच्या वेब पानाकडे फक्त नेटवर्क सांभाळणाऱ्याचा संगणक जाऊ द्या. या पानांचे मूळ पासवर्ड पुस्तिकेत छापलेले असतात आणि पुस्तिका सगळ्यांनाच मिळते.

एक गोष्ट नेहमी निसटते. सिप सर्व्हरमार्फत जातं, पण आवाज अनेकदा दोन फोनमध्ये थेट वाहतो. दोन शाखा असतील आणि प्रत्येकीचा व्हॉइस व्हीलॅन वेगळा असेल, तर त्या दोन व्हीलॅनमध्येही आरटीपी उघडावं लागतं. नाहीतर घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि दोन्हीकडे “हॅलो, हॅलो” चालू राहतं.

सगळं केलं, तरी आवाज तुटतो. आता काय?

आता ती दुसरी व्यवस्था, प्राधान्याची. फोनच्या पॅकेटवर दोन खुणा असतात. एक टॅगमधली, त्या ३ बिटांतली. आवाजासाठी तिथे बहुधा ५ लिहितात. दुसरी आयपीच्या शीर्षात, तिचं नाव डीएससीपी, आणि आवाजासाठी तिची किंमत ४६. टॅगमधली खूण राउटरपाशी टॅगबरोबर निघून जाते, डीएससीपी पुढेही टिकते. म्हणून दोन्ही लावायच्या.

खूण लावली म्हणजे काम झालं असं नाही. स्विचने तिच्यावर विश्वास ठेवायला हवा. बऱ्याच स्विचमध्ये सुरुवातीला तो ठेवला जात नाही आणि काही तर खूण पुसून शून्य करतात. तेव्हा पोर्टवर “ट्रस्ट” लावा, पण शक्य असेल तर फक्त फोनच्या पॅकेटसाठी. नाहीतर एखादा प्रोग्राम स्वतःच्या डाउनलोडवर ४६ लिहून पुढे घुसेल. मग ४६ ची खूण कोणत्या रांगेत जाते ते बघा आणि त्या रांगेला आधी सोडा.

इतकं करूनही बऱ्याचदा फरक दिसत नाही, कारण गर्दी स्विचवर नसतेच. ऑफिसच्या आत एक गिगाबिट आहे आणि बाहेर जाणारी वाट त्याच्या कितीतरी पट अरुंद. गर्दी होते ती तिथे, आणि तीही अपलोडच्या बाजूला. समोरचा “तुमचा आवाज तुटतोय” म्हणतो आणि तुम्हाला मात्र त्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, हे त्याचंच लक्षण. राउटरवर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा जराशी खाली बांधा, म्हणजे रांग सेवादात्याच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागेल. तुमच्या राउटरमधल्या रांगेत कोण पुढे जाईल हे तुम्ही ठरवू शकता. पलीकडे इंटरनेटवर तुमच्या ४६ ची दखल सहसा कोणी घेत नाही.

मोजमापासाठी आकडे: आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालतं. जिटर, म्हणजे विलंबातला चढउतार, ३० मिलिसेकंदांखाली आणि हरवलेली पॅकेट एक टक्क्याखाली ठेवायची, असा कामातला अंदाज. हे आकडे बहुतेक फोन चालू कॉलमध्ये आपल्याच वेब पानावर दाखवतात.

एका कॉलला किती बँडविड्थ लागते?

लोकांना वाटते त्यापेक्षा कमी. जी.७११ कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत) आवाज ६४ केबीपीएसचा असतो. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी यांचे मिळून ४० बाइट. झाले ८० केबीपीएस. इथरनेटचा भार धरला की ८७.२, व्हीलॅनचा टॅग धरला की ८८.८. शंभर म्हणून मोजा, डोक्यात हिशेब सोपा. हे एका दिशेचं. तेवढंच परतही येतं.

जी.७२९ मध्ये आवाज ८ केबीपीएसवर येतो, पण शीर्षांचे ४० बाइट तेवढेच राहतात, म्हणून आयपीवर २४ लागतात. वीस बाइट बोलण्यासाठी चाळीस बाइटांचं पाकीट. वाट फारच अरुंद असेल तरच तिकडे जा.

घंटी वाजते, पण एकाच बाजूचा आवाज येतो. किंवा कॉल ठरावीक वेळाने तुटतो.

एकाच बाजूचा आवाज म्हणजे एका दिशेचं आरटीपी कुठेतरी अडलंय. फायरवॉलचा पोर्टांचा पट्टा तपासा. मग राउटरवर “सिप एएलजी” नावाची सोय शोधा आणि बंद करा. ती नॅटमधून (ऑफिसातले आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या सोयीतून) जाणाऱ्या सिपमधले पत्ते मदत म्हणून बदलते आणि त्या मदतीनेच घोळ होतो. मी ती चालू ठेवण्याची वेळ अजून आलेली पाहिली नाही.

कॉल कधी तुटतो हे घड्याळ लावून बघा, तेवढ्यावरून निम्मं निदान होतं. उचलल्यावर साधारण ३२ सेकंदांनी तुटत असेल तर सिपचा पोच देणारा शेवटचा निरोप पोचत नाही. त्याची वाट पाहायची मुदत अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे बरोबर ३२ सेकंद. पंधरा मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमरचं, म्हणजे कॉल अजून चालू आहे ना हे विचारणाऱ्या घड्याळाचं, नूतनीकरण अडतंय: १८०० सेकंदांची मुदत आणि तिच्या निम्म्यावर नूतनीकरण.

एक दिवस अचानक सगळं ऑफिस ठप्प. फोनचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हे एकदा तरी घडतंच. टेबल हलवताना कोणाला तरी भिंतीतून लोंबणारी मोकळी केबल दिसते. फोनच्या पाठीला एक मोकळं तोंड दिसतं. दोघांची गाठ घालून दिली की फोनची दोन्ही तोंडं भिंतीत जातात आणि आतल्या छोट्या स्विचमधून लूप तयार होतो. ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत वाढत जातो आणि काही क्षणांत सगळे स्विच दिवे लुकलुकवत बसतात. अशा वेळी मी दिव्यांवरून पोर्ट ओळखायचा प्रयत्न केलेला आहे. सगळे सारखेच लुकलुकतात, उपयोग होत नाही. मजल्यांच्या केबल एकेक करून काढल्या तेव्हा कुठे जागा सापडली.

इलाज आधीच करून ठेवा: टेबलांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (स्विचचे निरोप तिथून येताच पोर्ट बंद करणारी सोय) आणि स्विचमध्ये असेल तर लूप डिटेक्शन. वापरात नसलेले भिंतीतले पोर्ट स्विचवरून बंद. फोनच्या मागे संगणक लावायचा नसेल तर फोनच्या सेटिंगमधून ते तोंडही बंद करता येतं.

संगणकावरच्या सॉफ्टफोनलाही व्हॉइस व्हीलॅनमध्ये टाकायचं का?

नको. संगणक डेटा व्हीलॅनमध्येच राहू द्या, नाहीतर ज्यासाठी भिंत बांधली तीच पाडल्यासारखं होईल. सॉफ्टफोनच्या पॅकेटवर संगणकातूनच डीएससीपी ४६ लावा. विंडोजमध्ये ते ग्रुप पॉलिसीतून प्रोग्रामच्या नावाने लावता येतं. आणि डेटा व्हीलॅनमधून टेलिफोन सर्व्हरकडे सिप, आरटीपी उघडा. ऑफिसात सगळेच सॉफ्टफोन वापरत असतील तर वेगळ्या व्हॉइस व्हीलॅनचा फायदा फार उरत नाही. तिथे सगळा जोर प्राधान्यावर द्या.

वाय-फायवरचे फोन?

त्यांच्यासाठी वेगळं वाय-फाय नाव, ते व्हॉइस व्हीलॅनला जोडलेलं, आणि डब्ल्यूएमएम, म्हणजे वाय-फायवरची प्राधान्याची सोय, चालू. शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर.

कोणी फोन काढून त्या जागी लॅपटॉप लावला, तर तो व्हॉइस व्हीलॅनमध्ये शिरेल का?

शिरू शकतो. टॅग लावणं लॅपटॉपलाही येतं आणि एलएलडीपीवर व्हीलॅनचा क्रमांक स्विच स्वतःच ओरडून सांगत असतो. व्हीलॅन ही आखलेली रेघ आहे, कुलूप नाही. कुलूप हवं असेल तर ८०२.१एक्स, म्हणजे ओळख पटल्यावरच पोर्ट उघडण्याची पद्धत; त्यात एकाच पोर्टवर फोन आणि संगणक यांची वेगवेगळी ओळख तपासता येते. फोनकडे प्रमाणपत्र नसेल तर काही ठिकाणी केवळ मॅक पत्त्यावर आत घेतात, पण तो पत्ता फोनच्या पाठीवरच छापलेला असतो आणि नक्कल करायला सोपा. म्हणून वर सांगितलेली फायरवॉल महत्त्वाची: कोणी शिरलाच तर त्याला टेलिफोन सर्व्हरखेरीज काही दिसू नये, आणि सर्व्हरवर प्रत्येक एक्स्टेंशनचा पासवर्ड लांब आणि वेगळा असावा. एक्स्टेंशन १०१ ला पासवर्ड १०१ ठेवलेली ऑफिसं आजही भेटतात.

आमचा टेलिफोन सर्व्हर क्लाउडमध्ये आहे. मग वेगळा व्हीलॅन कशाला?

कारणं तीच, फायरवॉलचा नियम बदलतो. फोनना आता बाहेर जावं लागेल, पण फक्त सेवा देणाऱ्याने कळवलेल्या पत्त्यांकडे आणि पोर्टांकडे. तुमच्या बाजूला बाहेरून आत येणारं कोणतंही पोर्ट उघडायची सहसा गरज नसते. फोन स्वतः बाहेर जोडणी करतो आणि ठरावीक वेळाने ती जागती ठेवतो. राउटर यूडीपीची (सिप आणि आवाज ज्यावरून बहुधा जातात त्याची) जोडणी लवकर विसरत असेल तर बाहेर जाणारे कॉल लागतात, येणारे लागत नाहीत. फोनची जागती ठेवण्याची मुदत राउटरच्या मुदतीपेक्षा कमी करा.

चालू ऑफिसात हे कोणत्या क्रमाने करायचं?

आधी राउटरवर व्हीलॅन, पत्ते आणि डीएचसीपी. मग सगळ्या ट्रंकवर परवानगी. एखाद्या मोकळ्या पोर्टवर फक्त व्हॉइस व्हीलॅन टॅगविना देऊन लॅपटॉप लावा: पत्ता मिळतो का, सर्व्हर दिसतो का आणि जे दिसू नये ते खरंच दिसत नाही ना, ते पाहा. मग एकच फोन. त्यावरून आत, बाहेर, दुसऱ्या शाखेत कॉल करा, कॉल होल्डवर टाका, दुसऱ्याकडे वळवा, आणि निदान वीस मिनिटं एक कॉल चालू ठेवा. पंधरा मिनिटांचा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत सापडत नाही. मग एक मजला. ट्रंकला हात लावण्याआधी स्विचचं सेटिंग उतरवून घ्या आणि शक्यतो स्विचजवळ उभं राहून काम करा, कारण दूरवरून ट्रंक चुकवली की परत आत शिरायची वाटच बंद होते.

नंतर एखाद्याने जागा बदलली आणि फोन उचलून दुसऱ्या टेबलावर नेला तर?

काही करावं लागू नये. सगळ्या टेबलांच्या पोर्टांना एकच साचा लावलेला असेल आणि फोन एलएलडीपीवर असेल, तर तो नव्या जागी जाऊन आपला व्हीलॅन स्वतः शोधतो आणि एक्स्टेंशनही तेच राहतं. फक्त तो पोर्ट पीओई देणारा आहे ना, एवढं बघा. आणि प्रिंटरसाठी वेगळी सेटिंग केलेल्या पोर्टवर ठळक चिठ्ठी चिकटवून ठेवा. फोन नेमका तिथेच लावला जातो.